संग्रहालयाची दिवेलागण

वरळीच्या बी. डी. डी. चाळीत वाढलेल्या माणसाला 'गॅलरी' हा शब्द आयुष्यात दोनदा शिकावा लागतो. पहिल्यांदा मी तो गिरगावात मामाकडे शिकलो. तिथे गॅलरी म्हणजे चाळीचा लाकडी कठड्याचा लांबलचक सज्जा. दिवेलागण झाली की बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे त्या सज्जात येऊन बसत. कोणी तांदूळ निवडी, कोणी सुपारी कातरी, आणि खालच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत असे. आमच्या वरळीला तीही चैन नव्हती. सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२० ते १९२५ च्या दरम्यान बांधलेल्या आमच्या इमारती. नुसत्या वरळीत १२१. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली एकशेसाठ चौरस फुटांची, आणि दोन्ही अंगांच्या खोल्यांमधून जाणारा एक बोळ, ज्यात भर दुपारीही दिवा लावावा लागे. भिंतीवर चित्रे टांगलेल्या दालनालाही गॅलरीच म्हणतात, हा दुसरा धडा मला पुष्कळ उशिरा मिळाला.

आता तशी गॅलरी माझ्या वाटेवरच आहे. जांबोरी मैदानाकडून वरळी नाक्यावर यावे आणि ॲनी बेझंट रस्त्याला लागावे की नेहरू सेंटर येते. तिथले तारांगण १९७७ च्या मार्चात सुरू झाले आणि चित्रदालन १९९२ साली. दालनाची वेळ अकरा ते सात. गेल्या थंडीत नातवाला घेऊन मी तिथे गेलो, ते साडेपाचच्या पुढे. बाहेर दिवे लागत होते. आत कचेऱ्या सुटलेली माणसे एकेक करून येत होती. दोन प्रौढ बायका बाकावर बसून कुणाच्या तरी लग्नाची बोलणी कुठवर आली ते एकमेकींना सांगत होत्या आणि मधूनच समोरच्या चित्रातल्या बाईच्या नऊवारीच्या काठाकडे बोट दाखवीत होत्या. नातू एका निसर्गचित्रातल्या गाई मोजत होता. मला मोठे बरे वाटले. चित्रांसमोर माणसांनी असेच बसावे, घरात बसल्यासारखे. पण माझे एक लक्ष घड्याळाकडे होते. संग्रहालयाच्या दारात संध्याकाळी घड्याळाकडे पाहण्याची मला सवय आहे, आणि ती का लागली ते या लेखात येईलच.

संग्रहालय दिवे लावून रात्री उघडे ठेवावे ही कल्पना काही आजकालची नाही. ती अमलात आणली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने, १८५७ च्या जून महिन्यात. हेन्री कोल नावाचा एक धडपड्या सरकारी अधिकारी त्याचा चालक होता. त्याने दालनांत गॅसचे दिवे बसविले आणि आठवड्यातल्या काही रात्री दहापर्यंत दरवाजे उघडे ठेवले. त्याच वर्षीच्या एका भाषणात त्याने आपला पाहुणा कोण तेही सांगून टाकले: एकदोन अंधाऱ्या खोल्यांत राहणारा मजूर, कॉलर जरा ठाकठीक केलेला, बरोबर बायको, तिच्या कडेवर तान्हे आणि मागे पोरांची रांग. हे वाचताना मला वरळीची आठवण झाली नसती तरच नवल. माणसाने संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जाण्यापेक्षा चित्रे पाहायला यावे, असा कोलचा हिशेब होता. या हिशेबातला उपदेशाचा वास मला फारसा आवडत नाही. गरिबाला चित्र दाखवायचे ते तो बिघडू नये म्हणून, आणि श्रीमंताला दाखवायचे ते त्याला आवडते म्हणून, असा भेद त्यात आहे. पण त्याने दार उघडले हे खरे, आणि माणसे आली हेही खरे. १८५७ ते १८८३ या काळात तिथे दीड कोटीवर भेटींची नोंद झाली. त्यांतल्या पासष्ट लाखांवर संध्याकाळच्या होत्या.

विरोध झालाच. गॅसच्या धुराने आणि उष्णतेने चित्रे खराब होतील, असे जाणकार म्हणू लागले. तेव्हा चौकशीसाठी एक समिती नेमण्यात आली आणि तीत प्रत्यक्ष मायकेल फॅरेडे आणि जॉन टिंडॉल बसले. दिव्यांची मांडणी नीट केली आणि हवा खेळती ठेवली तर गॅसच्या उजेडाने चित्रांचे नुकसान होण्याचे कारण नाही, असा निर्वाळा १८५९ साली मिळाला. मजुराला संध्याकाळी चित्र पाहता यावे की नाही, यासाठी त्या काळच्या सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाला कामाला लावले गेले, ही गोष्ट मला फार गमतीची आणि फार चांगली वाटते. तरी आगीचा धाक अगदीच पोकळ नव्हता. आपल्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली अजिंठ्याला वर्षानुवर्षे बसून केलेल्या चित्रांच्या नकला त्याच साउथ केन्सिंग्टनला पाठविल्या होत्या. १८८५ च्या आगीत त्यांतल्या शंभरावर जळून गेल्या.

लंडनला गॅसचे दिवे लागले ते १८५७ साल मुंबईच्या संग्रहालयाला मात्र भलतेच गेले. कोटातल्या बराकीत नुकताच कुठे एक संग्रह मांडला होता. बंडाच्या धामधुमीत फौजेला जागा हवी झाली आणि संग्रहातल्या वस्तू खिडक्यांतून बाहेर फेकल्या गेल्या. त्या वाचवून पुन्हा संग्रहालय उभे करण्यासाठी जी मंडळी झटली त्यांत डॉ. जॉर्ज बर्डवुड होते, नाना शंकरशेट होते आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८६२ साली भायखळ्याला पाया घातला गेला आणि २ मे १८७२ रोजी इमारत लोकांसाठी उघडली. नाव 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम'. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला हेच नाव मिळाले ते १८९९ साली, म्हणजे आपल्यानंतर सत्तावीस वर्षांनी! भाऊ दाजींना ते उघडलेले पाहायला जेमतेम दोन वर्षे मिळाली. १८७४ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचे नाव इमारतीला मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. बर्डवुडसाहेब पुढे विलायतेला परतले आणि साउथ केन्सिंग्टनमधल्या हिंदी वस्तूंवर त्यांनी १८८० साली पुस्तक लिहिले. म्हणजे दोन्ही घरांत त्यांचा वावर. कोलची रात्रीची दिवाबत्ती त्यांना ठाऊक असणारच.

आता भायखळ्याच्या आजूबाजूला पाहा. ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५६ च्या सुमारास सुरू झाली आणि संग्रहालय उघडले तोवर परळ-भायखळ्याच्या आभाळात चिमण्या उगवू लागल्या होत्या. या गिरण्यांतला माणूस संग्रहालयाचा सर्वांत जवळचा शेजारी. पण तो उजाडता आत जाई आणि मावळता बाहेर पडे. दिवसाच्या उजेडावर गिरणी चाले, आणि संग्रहालय पाहायचे तेही दिवसाच्या उजेडात. आणि रविवार? तो तर त्याच्याजवळ नव्हताच. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, तिच्या मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी ही पहिली होती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामकरी बायकाही व्यासपीठावर बोलल्या, आणि त्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. हिशेब करा: संग्रहालय उघडल्यानंतर अठरा वर्षांनी त्याच्या शेजाऱ्याला ते पाहण्यासाठी एक मोकळा दिवस मिळाला. त्या दिवशी त्याने आधी झोप काढली असेल, तर त्याला दोष कोण देणार?

वीज आली तेव्हा तरी चित्र पालटावे की नाही? क्रॉफर्ड मार्केटात १८८२ सालीच विजेचे दिवे झळकले होते. गिरण्यांत ते सरसकट आले १९०५ च्या सुमारास. मालकांनी हिशेब केला की आता सूर्याचा धाक संपला. आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार चिडले, दंगे झाले, वर्तमानपत्रांत ओरड झाली, आणि अखेर १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाला बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२, १९३४, १९४६ अशी एकेक पायरी उतरत ती आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर आली. ज्या दिव्याने लंडनच्या मजुराला संग्रहालयाची संध्याकाळ दिली, त्याच्या धाकट्या भावाने मुंबईच्या मजुराची संध्याकाळ काढून घेतली होती. ती परत मिळवायला चाळीस वर्षे लागली.

आणि संध्याकाळ मिळाली तेव्हा या माणसाने तिचे काय केले? कोलसाहेबाला वाटले असते की गुत्ता. गुत्ता होताच, नाही म्हणत नाही. पण ना. म. जोश्यांनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा होत्या, वाचनालये होती. १९२२ हे साल त्या दृष्टीने मजेदार आहे. त्या जानेवारीत फोर्टमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांसाठी उघडले, आणि त्याच साली परळला दामोदर हॉल उभा राहिला. एक दिवसाचे घर, दुसरे रात्रीचे. आमच्या चाळीतल्या माणसांना दुसऱ्याचा पत्ता तोंडपाठ होता. तिथे कामगार दिवसभर यंत्रावर राबून रात्री राजाची भूमिका करीत.

चित्रे आणि मूर्तीही आम्ही संध्याकाळीच पाहिल्या. गणपती हे आमचे पहिले कलादालन. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून, चिंचपोकळीला १९२० पासून, लालबागच्या गणेश गल्लीत १९२८ पासून, आणि पलीकडे लालबागच्या बाजारात १९३४ पासून. घरातली कामे उरकून आठ-नऊच्या सुमारास आई, शेजारच्या काकू, आम्ही दहाबारा पोरे अशी वरात निघे. एकेका देखाव्यासमोर उभे राहून बायका बारीक परीक्षण करीत: शंकराची जटा बरी साधली आहे, पण पार्वतीचे डोळे रागावल्यासारखे वाटतात. यापेक्षा निराळी कलासमीक्षा मी पुढे फारशी वाचली नाही. तिची भाषा तेवढी अवघड होती. १९७७ साली गणेश गल्लीत दीनानाथ वेलिंगांची बावीस फुटी मूर्ती उभी राहिली तेव्हा तिच्या प्रमाणबद्धतेवर आमच्या नळावर आठवडाभर चर्चा चालली होती.

दुसरे दालन दिवाळीचे. शाळेच्या एखाद्या सभागृहात रांगोळीचे प्रदर्शन भरे. गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी रांगोळी उंबरठ्यावरून उचलून पार व्यक्तिचित्रापर्यंत नेली होती. पंखे बंद, वर मोठे बल्ब लोंबत आहेत, दोरीच्या अलीकडून रांग मुंगीच्या पावलाने सरकते आहे, आणि स्वयंसेवक सांगतो आहे, शिंक आली तर तोंड फिरवा. फराळ करून आलेली घरेच्या घरे रात्री दहापर्यंत त्या रांगेत असत. तिसरे दालन तर घरातच होते, आणि ते वाचकांच्या हातात या क्षणी आहे. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. १९४५ पासून दीनानाथ दलालांची 'दीपावली' निघू लागली. मुळगावकरांच्या चित्रांनी तर कॅलेंडरांवरून घराघरांत भिंती धरल्या. आमच्या खोलीत अंक विकत येत नसे. गिरणीतल्या एका कारकुनाचा वाचून झालेला अंक बाबांना मिळे, तोही पुढची दिवाळी जवळ आल्यावर. बाबा त्यातली रंगीत पाने ब्लेडने सुबक कापून काढीत आणि खळ लावून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवीत.

अशाच एका पानावर एका जुन्या तैलचित्राची प्रतिकृती होती. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की मूळ चित्र अमुक संग्रहालयात आहे. चित्र कोणते ते सांगितले तर संग्रहालय ओळखू येईल, म्हणून सांगत नाही. बाबा गिरणीत फिटर होते; मापाशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते त्या पानाकडे पाहून म्हणत, "हे आहे वीतभर. खरं केवढं असेल?"

१९६१ ची दिवाळी तोंडावर आली होती. मी दहा वर्षांचा. बाबांची जनरल पाळी पाचला सुटे. एका शनिवारी ते घरी आले, अंघोळ केली, धुवट सदरा घातला आणि आईला म्हणाले, "चल, आज ते चित्र बघून येऊ." आईने लग्नातली इरकल काढली. धाकट्या बहिणीच्या वेणीत अबोली माळली. बसने आम्ही पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि फाटक लागले होते. पहारेकरी माणूस वाईट नव्हता. तो नुसते म्हणाला, "टाइम झाला." बाबांनी विचारले, "उद्या संध्याकाळी?" तो म्हणाला, "संध्याकाळी कधीच नाही." बाबा फाटकाच्या गजांतून थोडा वेळ आत पाहत राहिले. आई म्हणाली, "अहो, इमारत तरी बघायला मिळाली." मग आम्ही भेळ खाल्ली आणि परळला उतरून रांगोळी प्रदर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. इरकल वाया गेली नाही.

रविवारी का गेलो नाही, असे कोणी विचारील. रविवारी गावच्या मंडळाची बैठक असे, रेशन आणायचे असे, गावाकडून कोणी ना कोणी बिछाना घेऊन उतरलेला असे. "जाऊ एकदा" असे बाबा म्हणत. पण दारावरून परत फिरलेल्या माणसाचे 'एकदा' कधी येत नाही.

अलीकडे वारे बदलले आहेत. बर्लिनमध्ये १९९७ साली संग्रहालयांची लांबलेली रात्र सुरू झाली आणि ती प्रथा युरोपभर पसरली. लंडनचे ते मूळ घर शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडे असते. आपल्याकडे १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनाने सातपर्यंतची वेळ ठेवली, आणि १९६४ पासून २०१५ पर्यंत तिथे 'समोवार' हे उपाहारगृह होते. चित्रे पाहून चहा घेत तासभर बोलत बसायची सोय. चित्र पाहणे आणि बोलणे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या कराव्या लागत नसत. कुलाबा-फोर्टच्या खाजगी दालनांनीही महिन्यातला एक गुरुवार रात्री उशिरापर्यंत जागवून पाहिला. मी एकदा गेलो होतो. पेये होती, इंग्रजी होते, आणि माझ्या चपलांकडे कोणी पाहिले नाही, तरी मला त्या दिसत होत्या. संध्याकाळ सर्वांची असते. दालन कोणाचे, ते आत पाऊल टाकल्यावर कळते. भाऊ दाजींच्या संग्रहालयात २००८ च्या जीर्णोद्धारानंतर संध्याकाळची व्याख्याने, कार्यक्रम होऊ लागले, तिथे मात्र मला इतके परके वाटले नाही. तरी रोजची वेळ दहा ते सहा. सणाच्या दिवशी राणीच्या बागेतले हत्ती आणि माकडे पाहून झाल्यावर त्या दालनातून घरेच्या घरे भराभर पुढे सरकताना मी पाहिली आहेत. पोरे दमलेली, डबे रिकामे. तीच माणसे संध्याकाळी नुसती चित्रांसाठी आली असती तर बाकावर टेकली असती. हळदीकुंकवाला बायका ज्या वेळी बाहेर पडतात ती वेळ संग्रहालयांना अजून ठाऊक झालेली नाही. वीज, पहारा, पगार यांचा खर्च मला कळतो. पण आठवड्यातून एक संध्याकाळ, लालबाग-परळ-वरळीसाठी?

नेहरू सेंटरला त्या दिवशी सात वाजता दिवे मंदावले. त्या दोन बायकांचे लग्न अजून ठरायचे होते. रखवालदाराने त्यांना उठविले नाही. तो दाराशी नुसता उभा राहिला. नातवाच्या पाच गाई मोजून झाल्या.

बाबांचे चित्र मी पाहिले ते १९७४ साली. शाळेत नोकरी लागली होती. मंगळवारची किरकोळ रजा काढून भर दुपारी गेलो. दालनात मी आणि पहारेकरी. फुटपट्टी लावू देणार नाहीत हे ठाऊक होते, म्हणून नजरेने वितींचा अंदाज घेतला. घरी येऊन मी बाबांना सांगितले की आपल्या ट्रंकेच्या झाकणाहून थोडे मोठे आहे, रुंदीला बोटभर आणि उंचीला वीतभर. त्यांनी ट्रंक पुढे ओढली, झाकणावर हात पसरून माप धरले आणि किती तरी वेळ ते हात तसेच ठेवले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. आता त्यांच्याजवळ दिवसच दिवस होते, सकाळपासून मावळेपर्यंत मोकळे. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मी म्हटले, "बाबा, चला, उद्या दुपारी जाऊ. ते चित्र बघू."

ते आकाशकंदिलाला कागद चिकटवीत होते. मान वर न करता म्हणाले, "तू सांगितलंस ना केवढं आहे ते."